गिरणीवरची दुरडी

या वर्षी महिला दिनाला ग्रामपंचायतीने आमच्या महिला मंडळाचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, आणि शाळेतल्या मास्तरांनी माईकवर मंडळाचा इतिहास वाचला. म्हणे, तालुक्याहून मोठ्या बाई आल्या, त्यांनी फीत कापली आणि मंडळ सुरू झालं. मग मंडळाने हळदी-कुंकू केलं, झाडं लावली, स्वच्छता केली. पहिल्या अध्यक्ष म्हणून माझ्या थोरल्या जावेचं कौतुक झालं. मी पुढच्या रांगेत बसून सगळं ऐकलं. मास्तर स्टेजवरून उतरताना त्यांना म्हटलं, "झाडं लावली खरी, पण ती शेळ्यांनी खाल्ली. जे आमी केलं ते तुमी वाचलंच न्हाई."

"मग आजी, तुम्हीच लिहा की," मास्तर हसत म्हणाले.

त्यांना वाटलं, म्हातारी गप्प बसेल. मी चौथीपर्यंत शिकले आहे. पाटावर वही ठेवून लिहिते आहे. शुद्धलेखन मास्तरांनी बघावं, बाकीच्यात हात घालू नये.

आमचं गाव जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या शिवेला आहे. माळवं विकायला नारायणगाव, कागदपत्राला जुन्नर, बैल-गाय घ्यायची तर बेल्हे. गावात शेतकऱ्यांची घरं जास्त, आणि त्यातही एकाच आडनावाची भावकी मोठी. मी त्या भावकीत सून म्हणून आले. वरच्या अंगाला धनगरांची वस्ती. पूर्वी ते मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, आता बहुतेकांची शेती आहे. त्यांच्यातल्या एका घराने मेंढरं विकली आणि गावाच्या तोंडाला पिठाची गिरणी टाकली. गिरणी त्या घरची सून चालवायची. तिला सगळं गाव गिरणीवाली म्हणतं, मीही म्हणते.

फीत कापली हे खरं आहे. मारुतीच्या देवळासमोर बोर्ड लागला, बायका नव्या साड्या नेसून आल्या. सगळ्या आमच्याच भावकीतल्या. थोरली जाऊ अध्यक्ष झाली, कारण तिच्याशिवाय दुसरं कोणी होईल असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. वर्षातून एकदा हळदी-कुंकू व्हायचं आणि फोटो निघायचा. मी दोनदा गेले, मग जायची बंद झाले. वाण म्हणून मिळालेली प्लास्टिकची डबी घेऊन घरी येण्यासाठी मला मंडळ लागत नव्हतं.

खरं मंडळ सुरू झालं ते एका विझलेल्या चुलीपासून.

कॅनलच्या कडेला एक घर होतं, आमच्याच भावकीतलं. त्या घरचा माणूस मोटारीचा शॉक लागून गेला. मागे बायको, म्हातारी सासू आणि लहान पोरी. ज्या घरी मयत होतं तिथे चूल पेटत नाही. भावकीतल्या घरांनी भाकरी-पिठलं न्यायचं, सगळ्यात जवळच्या माणसाला पहिला घास खायला लावायचा, मग बाकीचे जेवतात. याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. त्याशिवाय घरात कुणी अन्नाला हात लावत नाही. पण त्या माणसाचा भावकीशी बांधावरून तंटा होता. मातीला सगळे गेले. परत आल्यावर जो तो आपापल्या घरी गेला. घास कुणीच नेला नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा नेईल. आणि ज्याला तसं वाटलं नाही, त्याला न्यायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दळण घेऊन गिरणीवर गेले. गिरणीवालीने पट्टा थांबवला आणि मला विचारलं, "काकी, कॅनलवरच्या घरी काल कुणी घास नेला व्हता का?"

"नेला असंल की."

"न्हाई नेला. त्यांची म्हातारी आत्ता माझ्याकडं आली व्हती. म्हणली, मूठभर पीठ दे, पोरींना पाण्यात कालवून पाजते. चूल पेटवायची नाय ना."

मी दळणाचा डबा तिथेच ठेवला. "तुझ्याकडं तवा हाय का?"

"हाय की. वाकडा हाय."

गिरणीच्या मागे तिची चूल होती. ती थापत गेली, मी भाजत गेले. तिचा तवा बैलगाडीखाली सापडून एका कडेला वाकलेला होता. तिथे भाकर तव्याला नीट टेकायची नाही आणि शेजारच्या जागी जास्त टेकायची. त्यामुळे तिच्या प्रत्येक भाकरीच्या कडेला चंद्रकोरीसारखा एक काळा डाग पडायचा. अजून पडतो. मी तिला म्हटलं, "हा तवा ठोकून घे." ती म्हणाली, "डाग पोटात गेल्यावर दिसतो व्हय?"

तेवढ्यात दळणाला आलेल्या आणखी दोघी-तिघींनी घरून भाकरी आणल्या. दुरडी भरली. ती डोक्यावर घेऊन आम्ही उसातल्या वाटेने निघालो, मोठमोठ्याने बोलत, कारण त्या उसात बिबट्या असतो आणि त्याला आपण येतोय हे कळलेलं बरं.

म्हातारीने दुरडीकडे बघितलं. भूक लागलेली, तरी तिने विचारलं, "ह्यातल्या कुणाच्या कोणत्या?"

मी आणि गिरणीवालीने एकमेकींकडे बघितलं. मी दुरडीत दोन्ही हात घातले, खालच्या भाकरी वर केल्या, वरच्या खाली केल्या आणि म्हटलं, "आता मलाबी सांगता यायचं न्हाई. जेवा."

म्हातारी जेवली. तिची सून जेवली. पोरी तर कधीच सुरू झाल्या होत्या.

तेव्हापासून तीच रीत पडली. कुणाच्याही घरी मयत झालं की निरोप आधी गिरणीवर यायचा. दळणाला येणाऱ्या बाईला गिरणीवाली सांगायची, ती पुढच्या दोघींना सांगायची. जिला जमेल तिने भाकरी आणून दुरडीत टाकायच्या. आणून ठेवायच्या नाहीत, टाकायच्या. मग गिरणीवाली दुरडी खालीवर करायची आणि दुरडी निघायची. मयत कुठे झालं हे आम्ही विचारायचो, ते घर कुठल्या जातीचं आहे हे विचारायचो नाही. भावकीत गेलो, धनगरवस्तीवर गेलो, एकदा ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्यांवरही गेलो. तिथे एका बाईचं तान्हं गेलं होतं आणि तिला दुसऱ्या दिवशी कोयता घ्यायचा होता. तिने घास घेतला आणि विचारलं, "तुमी कोण?" गिरणीवाली म्हणाली, "आमी मंडळ."

हे तिने उगाच म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही स्वतःला मंडळ म्हणायला लागलो. देवळासमोरचा बोर्ड जावेकडे राहिला, मंडळ गिरणीवर आलं.

थोरल्या जावेला हे कळलं तेव्हा ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. चहाला नको म्हणाली, म्हणजे बोलायला आली होती.

"तू भाकरी नेते, पुण्याचं काम हाय. मी नाय म्हणत न्हाई. पर आपल्या घरात मयत झालं तर आपली दुरडी येगळी येईल. धनगराची भाकर आपल्या मयताच्या घासाला चालायची न्हाई."

"आक्का, तुमी पीठ कुठून आणता?"

"पिठाचं काय?"

"तिच्या गिरणीतनं ना? जात्यावरचं पीठ ती हातानं गोळा करती, पिशवी तीच भरती. मग पीठ चालतंय आन् भाकर न्हाई?"

"पीठ भाजलं की त्याला वंगाळ-बरं लागतं," जाऊ म्हणाली. हे शास्त्र तिने कुठे वाचलं मला माहीत नाही. ती मला म्हणाली, "जास्त शहाणी हुऊ नको. उद्या तुझ्या घरात काय झालं तर खांदा द्यायला भावकीच लागती. गिरणी येत न्हाई."

आमच्या मालकांनी हे आतून ऐकलं. ते भित्रे नव्हते, पण भावकीला भ्यायचे. त्या दिवशी जेवताना मला म्हणाले, "मला भावकीच्या खांद्यावर जायचंय. तेवढं बघ."

"तुमी जिवंत हाय तवर जेवा. नंतरचं मी बघीन."

"तुझं तू बघतीस, तेच भ्या वाटतंय."

त्यानंतर बरीच वर्षं दुरडी चालली. भावकीतल्या काही घरांनी घेतली, काहींनी दारातून परत पाठवली. परत पाठवली की आम्ही शाळेजवळच्या झाडाखाली बसून भाकरी खायचो आणि त्या घराला नावं ठेवायचो. गिरणीवाली नकला छान करते. "आमच्याकडं झालंय जेवण," असं नाक वर करून म्हणणाऱ्या बायांची तिने अशी नक्कल करावी की मयताच्या दिवशी आम्ही हसून हसून लोळायचो. त्यात काही चुकलं असं मला वाटत नाही. भुकेल्या घरी भाकर न्यायची, ते नको म्हणाले की आपण खायची.

मग आमचे मालक गेले. म्हातारपणच होतं, आजारपण फार नव्हतं. सकाळी गेले.

भावकी आली. सगळी आली. माणूस मेला की भावकी त्याच्यावर रुसत नाही, त्याच्या बायकोवर रुसते. त्यांनी मालकांना खांदा दिला, नीट नेलं. मालकांना पाहिजे होतं तसं झालं, त्याबद्दल मी भावकीला आजही नावं ठेवत नाही.

दुपारी पुरुष आंघोळी करून परतले. अंगणात ताडपत्री टाकली होती. मी भिंतीला टेकून बसले होते. माझा मुलगा, सून, लेक, पाहुणे, मुंबईहून आलेले, सगळे सकाळपासून उपाशी. आणि मी खाल्ल्याशिवाय कुणी खाणार नव्हतं.

एकाच वेळी दोन दुरड्या आल्या. एक थोरल्या जावेची, तिच्या सुनेच्या डोक्यावर. दुसरी गिरणीवालीची. दोन्ही माझ्यासमोर ठेवल्या गेल्या, एक डाव्या हाताला, एक उजव्या.  सगळ्यांना कळत होतं की मी कोणत्या दुरडीत हात घालते त्यावर काय ठरणार आहे. जावेच्या दुरडीत घातला, तर मंडळाची दुरडी त्या दिवसापासून बंद. मीच माझ्या मयताला तिची भाकर चालवली नाही, तर दुसरं कोण चालवेल? आणि दुसरीत घातला, तर भावकी उठून जाणार. माझ्या मुलाला याच गावात राहायचं होतं.

जाऊ पुढे सरकली. तिने स्वतःच्या दुरडीतली वरची भाकर उचलली, माझ्या हातात दिली. "घे. आपल्या घरची हाय. माझ्या सुनेनं माझ्या चुलीवर केली."

मी भाकर हातात घेतली. कडेला चंद्रकोरीसारखा काळा डाग होता.

मी मान वर करून जावेच्या सुनेकडे बघितलं. पुण्यात वाढलेली मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा भाकर लाटण्याने लाटायची, म्हणून जावेने तिचं जगणं नको केलं होतं. इतक्या माणसांच्या भाकरी थापायच्या तिला कुठल्या जमायला? मागच्या दाराने ती गिरणीवर गेली होती आणि आमच्या दुरडीतल्याच भाकरी उचलून आणल्या होत्या.  ती माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होती, नको, नको.

जावेने आमच्या दुरडीतलं कधी काही खाल्लं नव्हतं. तो डाग कुणाच्या तव्याचा ते तिला माहीतच नव्हतं.

ती भाकर मुकाट्याने खाल्ली असती तर सगळे खूष झाले असते. भावकीला वाटलं असतं, ही वळणावर आली. पोटात मात्र गिरणीवालीचीच भाकर गेली असती. पण लपवून खाल्लेल्या घासाने काही बदलत नाही. मी भाकर हातातून खाली ठेवली, लेकीला म्हटलं, "धुतलेली चादर आण." चादर अंथरली. मी आधी एक दुरडी तिच्यावर उपडी केली, मग दुसरी, आणि दोन्ही हातांनी भाकरी खालीवर केल्या.

"मी खाणार ती ह्या ढिगातली," मी म्हटलं. "ज्यांना बघून खायचीय त्यांनी उपाशी ऱ्हावं."

कुणीतरी मागून म्हणालं, "नवरा जाऊन दिवस न्हाई झाला, बाईचं त्वांड बघा."

"त्वांड माझंच हाय," मी म्हटलं. "त्यातनंच घास जाणार हाय."

जावेने माझा हात बाजूला सारला. "माझ्या भाकरी मी ओळखती," ती म्हणाली आणि खाली बसली. पदर खोचला आणि ढिगातल्या भाकरी एकेक करून निवडायला लागली. स्वतःच्या दुरडीतली वरची भाकर उचलताना तो डाग तिच्या डोळ्यांत राहिला असणार. तिने डागाच्या भाकरी शोधून शोधून काढल्या. एकेक उचलून स्वतःच्या दुरडीत ठेवत होती आणि प्रत्येकीला म्हणत होती, "ही आपली. ही आपली. ही बी आपलीच."

अंगणातल्या ज्यांनी कधीतरी आमची दुरडी खाल्ली होती, त्या सगळ्यांना तो डाग माहीत होता. कॅनलवरची ती बाई कोपऱ्यात बसली होती. तिने पदर तोंडात धरला. तिच्या शेजारचे दोघे खाली बघायला लागले.

शेवटी गिरणीवालीलाच राहवलं नाही. "थोरल्या काकी," ती हळूच म्हणाली, "त्या माझ्या हायेत. माझा तवा वाकडा हाय."

जावेचा हात तसाच राहिला. तिने सुनेकडे बघितलं. सुनेने तोंड भिंतीकडे केलं.

मला त्या पोरीचं वाईट वाटलं, पण थांबायला वेळ नव्हता. मी जावेच्या दुरडीतून डागाची एक भाकर काढली, तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि खाल्ला. नीट चावून खाल्ला. मग मुलाला म्हटलं, "बस आता जेवायला."

तो बसला. पाहुणे बसले. भावकीतली बरीच माणसं उठून गेली. काही बसली. कोण बसलं आणि कोण गेलं ते मी बघितलं, पण इथे लिहिणार नाही. त्यातले काही मेले, आणि दोन्हीकडचे मेल्यावर त्यांच्या घरी दुरडी गेली.

जाऊ माझ्याशी त्यानंतर बोललेली नाही. तिने गावात सांगितलं की गिरणीवालीने मुद्दाम स्वतःच्या भाकरी जावेच्या दुरडीत कोंबल्या. तसं मानणारे अजून आहेत. माझ्या मुलाला दोन लग्नांना बोलावणं आलं नाही, बायकांनी आमच्या दारावरून जाताना शिवू नये म्हणून पदर सावरला. मुलगा एकदा चिडून मला म्हणाला, "आई, एका भाकरीसाठी तू सगळं गाव अंगावर घेतलंस." मी म्हटलं, "सगळं न्हाई. निम्मं." मग आम्ही दोघं हसलो, पण तो पूर्ण हसला नाही, हेही खरं आहे.

जावेची सून आता दुरडीबरोबर येते. भाकरी तिला अजूनही गोल येत नाहीत. कोपरे असलेल्या भाकरी आल्या की आम्हाला कळतं त्या कुणाच्या. गिरणीवाली तिला म्हणते, "सूनबाई, तुझी भाकर महाराष्ट्राच्या नकाशावाणी झाली गं, कोकण कुठाय ते दाव." तिने एकदाच माझ्याजवळ त्या दिवसाचा विषय काढला. म्हणाली, "काकी, तुम्ही माझं नाव सांगितलं नाही." मी म्हटलं, "तुझ्या सासूनंच सांगितलं, निवडून निवडून."

मास्तरांनी वाचलेल्या इतिहासात यातलं काही नव्हतं. ज्यांनी तो लिहून दिला त्यांना हे सगळं माहीत आहे. त्यांच्या घरीही दुरडी गेलेली आहे. फीत कापल्याचा फोटो भिंतीवर लावता येतो, कडू घासाचा फोटो कुणी काढत नाही, म्हणून त्यांनी सोडून दिलं असेल, किंवा मुद्दाम सोडलं असेल. काहीही असो, आता लिहून झालं आहे.

जाऊ आता अंथरुणाला टेकली आहे. मी तिच्याहून फार लहान नाही, पण माझे पाय चालतात. सत्कार झाल्यावर तिने सुनेकरवी मला निरोप धाडला. इतक्या वर्षांतला पहिलाच. म्हणे, माझ्या येळेला तुमची दुरडी माझ्या दारात आणायची न्हाई.

सुनेने निरोप सांगितला आणि उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. गिरणीचा पट्टा फिरत होता, म्हणून मला मोठ्याने बोलावं लागलं.

"सांग तिला, आक्का, मयताला घास नसतो. घास मागच्या माणसांना असतो. तुमच्या येळेला तुमी बघायला नसणार. दुरडी येणार, मिसळून येणार, आन् पहिला घास कुणी खायाचा ते तुमचा ल्योक ठरवील. त्यानं परत पाठवली तर झाडाखाली बसून आमी खाऊ. पर दारात येणार."

"असंच सांगू?" सून म्हणाली.

"असंच सांग. आन् लवकर जा, उसातनं जाताना मोठ्यानं बोलत जा."

गिरणीवालीने माझ्या डब्यात पीठ भरलं आणि झाकण लावलं.